हात फिरवलेलं चित्र

आरती आपल्या चित्रासमोर उभी राहिली, घटकाभर त्याच्याकडे बघून पुढं सरकली. पुढच्या चित्रात मोर होता, त्याच्या पुढच्यात तिरंगा, मग एक धबधबा. तारेला चिमटे लावून टांगलेली स्पर्धेची साठ-सत्तर चित्रं तिनं टाचा उंचावत एकेक करून बघून संपवली आणि परत येऊन म्हणाली, "मॅडम, माझं न्हाई लावलं." चित्रकला शिकवणाऱ्या धम्मप्रियाला हसू आलं. चित्राच्या कोपऱ्यात 'प्रथम क्रमांक' अशी लाल पट्टी होती, खाली टाइप केलेलं नाव होतं, तिसरी ब, वय आठ. तिनं आरतीला खांद्याला धरून परत तिथं आणलं आणि नावावर बोट ठेवलं. आरतीनं अक्षरं लावून नाव वाचलं. मग वर चित्राकडे बघितलं. मग म्हणाली, "नाव माझं हाय. बाई दुसरीच हाय." एवढं बोलून ती पळाली, कारण बाहेर व्हरांड्यात सामोसे वाटायला सुरुवात झाली होती आणि तिच्या लेखी विषय संपला होता.

धम्मप्रियाच्या लेखी तो तिथून सुरू झाला. चित्रातली बाई तिच्याकडे बघत होती. गोरी, स्टुडिओच्या भाषेत दोन नंबर उजळ. सरळ नाक, लहानशी जिवणी, हातात झेंडूच्या फुलांची टोपली. त्या नाकाशी धम्मप्रियाची जुनी ओळख होती. बालाजीभाऊंच्या फोटो स्टुडिओत अकरा वर्षं कंप्युटरपुढं बसून नांदेड शहरातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या कितीतरी उपवर मुलींना तिनं हेच नाक दिलं होतं. मुरूम काढायचे, डोळ्याखालचा काळपटपणा पुसायचा, रंग दोन नंबर वर न्यायचा, नाक किंचित ओढून घ्यायचं. मुलींच्या आया फोटो हातात घेऊन म्हणायच्या, छान आलीय. मुली स्वतः मात्र फोटोकडे एकदा बघून पाकिटात घालायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. आज आठ वर्षांच्या एका पोरीनं ते सरळ तोंडावर सांगितलं होतं. मुख्याध्यापक शेषेराव सर पाहुण्यांना घेऊन त्याच बाजूला येत होते, हसत होते, हातानं तिला पुढं बोलावत होते, आणि धम्मप्रिया अजून त्या नाकाकडेच बघत होती.

दहा दिवसांपूर्वी आरतीनं 'माझी आई' या विषयावर जो कागद आणून दिला होता त्यात बाईच होती, पण ती पिवळी होती. नुसती साडी नव्हे. केस, कपाळ, दात, सगळंच पिवळं. धम्मप्रियाला वाटलं, पोरीच्या पेटीत दुसरे खडू उरले नसतील. तिसरीत हे नेहमीचंच असतं, निळा आणि हिरवा आधी संपतात आणि पिवळा मागं राहतो. पण बाई कागदभर उभी होती, कागदाला न घाबरता, आणि हे तिसरीत फार क्वचित दिसतं. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तिनं ब्लेडनं हळूहळू खडू खरवडला, पोस्टर कलर काढले आणि चित्रावर हात फिरवला. हात फिरवणं हा चित्रकलेच्या मास्तरांचा रुळलेला शब्द आहे. स्पर्धेला पाठवायच्या चित्रावर मास्तरानं हात फिरवायचा असतो, हे पोरांना माहीत असतं, पालकांना माहीत असतं, परीक्षकांना तर फारच माहीत असतं, कारण तेही कुठल्यातरी शाळेत हेच करत असतात. त्याला कुणी चोरी मानत नाही. धम्मप्रियानंही मानली नव्हती. उलट त्या संध्याकाळी तिचा हात इतका सुरेख चालला होता, की तिनं मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली होती.

घरी तिची आई पारूबाई भाकरी थापत होती. लेक बॅग ठेवून पाणी प्यायली, मग तिनं प्रथम क्रमांकाची बातमी सांगितली. आईनं तव्यावरची भाकरी उलटवत तिच्या तोंडाकडे बघितलं.

"बक्षीस आलं मनतीस अन् तोंड असं कामून?"

"असंच. उन्हाचं."

"स्टुडिओत व्हतीस तवा असंच तोंड घिऊन यायचीस रोज," पारूबाई म्हणाली. "साळंत लागल्यापासून पैल्यांदाच बघून राहिले."

आई बोलून गेली आणि भाकरीकडे वळली. धम्मप्रियाला मात्र ते वाक्य जेवताना पुरलं, जेवण झाल्यावरही पुरलं. खरंच होतं ते. जूनपासून ती भुकेली होऊन घरी यायची. स्टुडिओच्या दिवसांत तिला भूक लागायची नाही. डोळे चुरचुरायचे, पाठ दुखायची, आणि दिवसभर एवढे चेहरे बघूनही कुणाला भेटल्यासारखं वाटायचं नाही. लातूरला दोन वर्षं वसतिगृहात राहून तिनं कलाशिक्षकाची पदविका घेतली तेव्हा वडील होते. कंधारच्या बाजारात ते भांड्यांवर नावं घालायचे. लग्नाच्या हंड्या, तांबे, ताटं, त्यांच्यावर मशीन धरून थरथरत अक्षरं काढायचे आणि प्रत्येक नाव आधी गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचे. पोरगी मास्तरीण होणार म्हणून त्यांनी तिचं नाव एका फुलपात्रावर घालून ठेवलं होतं. मग जागा निघाल्याच नाहीत. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. वडील गेले, ती आईला घेऊन नांदेडला आली, स्टुडिओत लागली, आणि शिक्षिका व्हायचं राहून गेलं हे ती इतक्या सहज सांगायला शिकली, की लोकांना वाटायचं तिला त्याचं काही नाही. लग्नाचंही तसंच झालं. छत्तिसाव्या वर्षी लोकांनी विचारणं सोडलं आणि तिला जरा मोकळं वाटलं.

शाळा तिच्याकडे आली ती ओळखपत्रांच्या निमित्तानं. स्टुडिओला चारशे पोरांचे फोटो काढायचं काम मिळालं होतं आणि बालाजीभाऊंनी तिलाच कॅमेरा देऊन पाठवलं. स्टुलावर एकेक पोर येऊन बसत होतं. पहिलीतला एक मुलगा रडायला लागला, स्टुलावर बसेचना. त्याला गप्प करायला तिनं फळ्यावर खडूनं म्हैस काढली. मुलगा गप्प झाला आणि म्हणाला, आमच्या म्हशीचं एक शिंग खाली हाय. तिनं एक शिंग खाली केलं. मग दुसरा म्हणाला, आमची बसलेली असते. तिसऱ्याची म्हैस विकली होती, पण त्याला ती हवी होती. तासाभरात फळा म्हशींनी भरला, फोटो राहिले बाजूला, आणि दारात शेषेराव सर उभे होते. ते ओरडतील असं तिला वाटलं. त्यांनी विचारलं, "तुमचं शिक्षण काय झालंय?" त्या दिवशी ती रिक्षा न करता घरापर्यंत चालत गेली होती. हाताला खडूचा वास होता आणि तो धुवावासा वाटत नव्हता. इतकी वर्षं आपण कशासाठी थांबलो होतो, हे माणसाला एखाद्या म्हशीच्या शिंगावरून कळावं यात काही गैर नाही, असं तिला तेव्हा वाटलं होतं आणि अजूनही वाटत होतं.

म्हणूनच आता तिला भीती वाटायला लागली. नोकरी जाईल याची भीती होतीच. ती तासिका तत्त्वावर होती, जूनला पूर्ण वेळ घ्यायचं की नाही हे मार्चच्या बैठकीत संस्था ठरवणार होती, आणि बालाजीभाऊंनी तिची खुर्ची अजून दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. पण खरी भीती वेगळी होती. तिला वाटलं, आपण शाळेत आलो ते नुसते जागा बदलून आलो. तिथं चेहरे दुरुस्त करत होतो, इथं पोरं दुरुस्त करतो. फळ्यावर म्हशीचं शिंग खाली करणारी जी बाई होती, ती फक्त त्या एका सकाळी होती की काय. तिला आठवायला लागलं, जूनपासून आपण किती चित्रांवर हात फिरवला. सगळ्याच. नुसत्या स्पर्धेच्या नव्हे, रोजच्या वहीतल्याही. डोंगर तिरका झाला तर सरळ, सूर्य हिरवा केला तर पिवळा, माणसाला सहा बोटं झाली तर एक कमी. पोरं वही पुढं करायची आणि ती लाल पेन्सिलीनं भराभर सुधारायची. किती पटकन आवरतात मॅडम, असं बाकीच्या शिक्षिका म्हणायच्या.

सोमवारी तिनं आरतीला जवळ बोलावलं आणि एक कोरा कागद दिला, चांगला जाड, ड्रॉइंग शीटचा पाव भाग. म्हणाली, परत काढशील का माय, तशीच, पिवळी. आरतीनं कागद घेतला, बोटांनी त्याचा जाडपणा बघितला आणि परत केला.

"ते काढून झालं, मॅडम."

"हो, पण ते खराब झालं ना. परत काढ."

"काढून झालेलं कसं काढायचं?" आरतीनं विचारलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खरोखर तिला समजत नव्हतं. मग तिनं वहीच्या कागदावर जेसीबी काढला, कारण सकाळी येताना तिला जेसीबी दिसला होता. धम्मप्रियानं जेसीबीकडे बघितलं. त्याची चाकं वर होती. लाल पेन्सिल तिच्या हातात होती. तिनं ती टेबलाच्या खणात ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. हात स्वस्थ बसवणं इतकं अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं. बोटं साडीच्या निऱ्या सरळ करत राहिली.

चित्र पुढच्या फेरीसाठी लातूरला जायचं होतं. शेषेराव सरांनी फॉर्म पुढं ठेवला. 'सदर चित्र विद्यार्थिनीने स्वतः रेखाटले व रंगवले आहे.' खाली मुख्याध्यापकांची सही आधीच झाली होती, कलाशिक्षकाची जागा रिकामी होती. धम्मप्रिया म्हणाली, "सर, रंग माझे आहेत." सरांनी चष्म्यावरून बघितलं. ते गणिताचे होते आणि त्यांना स्वच्छ बोललेलं आवडायचं, पण सगळ्याच बाबतींत नाही. "मॅडम, सगळेच फिरवतात हात. लातूरला जी चित्रं लागतील त्यातलं एक तरी पोरानं काढलेलं असेल का? तुम्ही सही करा. बैठकीत मला काहीतरी दाखवायला पाहिजे. हे बक्षीस दाखवतो, तुमचं जूनचं काम होऊन जाईल." आणि तिनं सही केली. सही करताना कुठं थांबायचं हे तिला कळलंच नाही. सुधारायला सरावलेला हात होता तो, सहीही एका झटक्यात झाली.

पालकांना सोबत आणायचं होतं म्हणून त्याच दुपारी ती आरतीच्या आईला सांगायला गेली. नव्या मोंढ्याच्या मागच्या बाजूला हळदीची गिरणी होती. आरती तिथं काम करणाऱ्या बाईची मुलगी आहे हे शाळेच्या रजिस्टरात लिहिलेलं होतं. 'पालकाचा व्यवसाय – मजुरी', एवढं. दारातून आत पाऊल टाकलं आणि धम्मप्रिया थांबली. उजेड पिवळा होता. हवा पिवळी होती. भिंत, पंख्याची पाती, विजेच्या वायरी, पोत्यांवरची अक्षरं, सगळ्यावर हळद बसली होती, आणि त्या पिवळ्या धुक्यात चार बाया बसून हळद चाळत होत्या. त्यांतली एक उठून तिच्याकडे आली. तिचे केस पिवळे होते, भुवया पिवळ्या होत्या, कानाच्या पाळ्या, मानेच्या घड्या, बोटांची पेरं. ती हसली आणि दातही पिवळे दिसले. "मी गौरम्मा. आरतीची माय. बसा की, मॅडम. पर कुठं बसताल, समदं हळदीचं हाय." धम्मप्रियाला फक्त लाज वाटली, सरळ, स्वच्छ लाज, लहानपणी खोटं सापडल्यावर वाटायची तशी. खडू संपले नव्हते. पोरीनं जशी दिसते तशी आई काढली होती, आणि आठ महिने तिला शिकवणाऱ्या मास्तरणीला तिची आई कुठं काम करते हे विचारावंसं वाटलं नव्हतं. तिनं गौरम्माला लातूरचं सांगितलं. बाकीचं सांगता आलं नाही. गौरम्मा एवढी खुशीत होती, की सांगायला जागाच नव्हती.

लातूरच्या गाडीत आरती खिडकीपाशी, गौरम्मा मध्ये आणि धम्मप्रिया कडेला अशा बसल्या. शेषेराव सर पुढं ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर पेपर वाचत होते. गौरम्मानं ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती, न्हाऊन आली होती, तरी तिच्या नखांच्या कडांना आणि कानामागं पिवळी रेघ होतीच. लोहा गेलं. कंधारचा फाटा गेला तेव्हा धम्मप्रियाला वडिलांच्या मशीनचा आवाज आठवला आणि नाव घालण्याआधी ते मोठ्यानं वाचून दाखवायचे तेही. एकदा घातलेलं नाव पुसता येत नाही गं, म्हणायचे, म्हणून आधी विचारायचं. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. आरती पेरू घ्यायला खाली उतरली, आणि धम्मप्रिया गौरम्माकडे न बघता, समोरच्या बाकाच्या गंजलेल्या दांडीकडे बघत सगळं बोलून गेली. खरवडलं, रंगवलं, सही केली. आता खरं सांगितलं तर आरतीचं बक्षीस जाईल, हेही सांगितलं. कारण त्या एका गोष्टीनं तिची झोप उडवली होती. खोटं आपण केलं आणि बक्षिसाची ढाल पोरीच्या हातातून जाणार.

गौरम्मा पदरानं तोंड पुसत म्हणाली, "त्या दिवशी फोटो दाखिवला साळंतल्या बाईनं मोबाइलवर. मी मनले, ही फुलवाली कोण हाय. मला वाटलं, चुकून दुसरीचा दाखिवला." ती थोडी हसली. "घरी भिंतीवर बी मला पिवळीच काढती. घरमालक बोलतो, तरी काढती."

"मग काय करू?" धम्मप्रियानं विचारलं. आपल्यापेक्षा लहान असलेल्या या बाईला आपण विचारतोय, याचं तिला काही वाटलं नाही.

"मला काय ठाव, मॅडम. बक्षीस भेटलं तर बरंच हाय. पर फुलवालीचं घिऊन म्या कुठं ठिवू?" खिडकीतून आरतीनं पेरू वर दिला आणि गौरम्मा तो घ्यायला वळली.

लातूरचं सभागृह मोठं होतं. भिंतींवर तीन जिल्ह्यांची चित्रं लावली होती आणि खुर्च्यांवर त्यांचे मास्तर बसले होते. धम्मप्रिया चित्रं बघत फिरली. हात फिरवलेला तिला लांबूनच कळत होता. माहूरच्या डोंगराच्या पायऱ्या अशा सरळ होत्या, की आठ वर्षांच्या पोरानं पट्टी घेऊनही काढल्या नसत्या. सगळ्या चित्रांत आकाश एकसारखं होतं, सगळे चेहरे एकाच घरातले वाटत होते. इतके पोरांचे कागद आणि पोर एकही नाही. त्या मोठ्या खोलीत तिला एकाएकी एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. आपल्याला वाईट वाटतंय, आणि ते आपल्यासाठी वाटत नाहीये. हरवलेल्या चित्रांसाठी वाटतंय. आपल्याला ती बघायची होती. कंप्युटरवरचा एकही मूळ चेहरा पुसताना तिला असं कधी वाटलं नव्हतं. तिला कळलं की जूनला काहीही होवो, ती आता चित्रकलेची मास्तरीणच आहे, दुसरं काही होणं तिला जमणार नाही. आणि कळलं तसं ते फार साधं वाटलं.

मंचावरच्या साहेबांनी तिसरा, दुसरा असे क्रमांक पुकारले. दुसरा माहूरच्या पायऱ्यांना मिळाला. मग आरतीचं पूर्ण नाव, शाळेचं नाव, नांदेड. टाळ्या वाजल्या. आरती पेरूच्या बिया चावत बसून राहिली. गौरम्मानं तिला कोपरानं ढोसलं. आरतीनं मान वर करून धम्मप्रियाकडे बघितलं.

"मॅडम, जावा की," ती म्हणाली. "चित्र तुमचं हाय."

तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिच्या हिशेबानं ज्यानं काढलं त्यानं जावं, इतकंच. धम्मप्रिया उठली. पहिल्या रांगेतून शेषेराव सर मागं वळून बघत होते, मुलगी कुठंय असं हातानं विचारत होते. ती मंचावर गेली, साहेबांनी पुढं केलेली ढाल घेतली नाही, आणि माइकपाशी उभी राहिली.

"हे चित्र माझं आहे," ती म्हणाली. "मी छत्तीस वर्षांची आहे. स्पर्धा सात ते दहा वयोगटाची आहे."

सभागृह हसलं. मास्तरांना वाटलं, बाई गमतीच्या आहेत. मग ती हसत नाही हे बघून हसू रांगेरांगेनं थांबलं. तिनं सांगितलं, की मुलीचं चित्र मी ब्लेडनं खरवडलं आणि वर माझं रंगवलं, आणि फॉर्मवर खोटी सही केली. ज्यांना बोलता आलं असतं ते आपापल्या बुटांकडे बघत होते. साहेबांनी ढाल टेबलावर ठेवली. ते रागावले नव्हते. बहुतेक त्यांना काय करायचं ते सुचत नव्हतं. त्यांनी माइक बाजूला सारून हळूच विचारलं, "मग मुलीनं काय काढलं होतं?"

धम्मप्रिया आठवायला लागली आणि चित्र तिच्या डोळ्यांपुढं जसंच्या तसं आलं. "एक बाई होती," ती म्हणाली. "केसांपासून टाचांपर्यंत पिवळी. हळदीच्या गिरणीत काम करते म्हणून. हातात टोपली होती..."

"चाळणी व्हती," मागून आरतीचा आवाज आला.

"चाळणी होती. मी तिची टोपली केली, आणि तिच्यातल्या हळदीची झेंडूची फुलं केली. हातात दोन बांगड्या..."

"एकच. एक कामावर फुटली."

"एक बांगडी. पाय फार मोठे होते, ते मी लहान केले."

"ते पाय न्हाईत, मॅडम. बूट हायत. गिरणीतले." आरती आता खुर्चीवर उभी राहिली होती. गौरम्मा तिला खाली ओढत होती आणि आरती ऐकत नव्हती.

"बूट," धम्मप्रिया म्हणाली. हे तिला माहीत नव्हतं. "आणि खाली कोपऱ्यात, पायांजवळ, एक डाग पडला होता पिवळा. तो मी पुसून टाकला."

"डाग न्हाई," आरती म्हणाली. "मी हाय ती. मायनं कडंवर घेतलं व्हतं, मनून मी बी पिवळी झाले. मग खाली उतरले."

धम्मप्रियानं माइकचा दांडा धरला, सोडला, आणि ती एवढंच म्हणाली, "मुलीला मी पुसून टाकलं होतं." मग ती मंचावरून खाली उतरली आणि येऊन आपल्या खुर्चीवर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिला फार बरं वाटत होतं, दोन्ही एकदम. आरतीनं तिच्या हातात उरलेला अर्धा पेरू दिला.

पहिला क्रमांक माहूरच्या पायऱ्यांना गेला. बाहेर आवारात लिंबाच्या सावलीत शेषेराव सर तिची वाट बघत उभे होते. कपाळावर आठ्या होत्या. "संस्थेला मी काय सांगू आता?" ते म्हणाले.

"खरं सांगा, सर."

"खरं सांगितलं तर माझी पण सही आहे त्याच्यावर." मग गणिताच्या मास्तरानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "जूनपासून किती पोरांच्या चित्रांवर हात फिरवला?"

"सगळ्यांच्या. तिसरी आणि चौथी मिळून एकशे एकाहत्तर."

"मग ती सगळी चित्रं परत काढून घ्या त्यांच्याकडून."

"काढून झालेलं पोरं परत काढत नाहीत, सर."

"मग नवी घ्या." सरांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, परत घातला, आणि खुर्च्या आवरल्या जात होत्या त्या सभागृहाकडे बघत राहिले. "एकशे एकाहत्तर म्हणजे मार्चपर्यंत काही व्हायचं नाही. तुम्हाला पुढचं वर्ष लागेल. बैठकीत तसंच सांगतो, काम अर्धवट आहे म्हणून. सही केलीय मी, माझंही अर्धवट आहे."

धम्मप्रिया हो म्हणाली. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं, पण सर स्टँडकडे चालायला लागले होते. गौरम्मा नळावर बाटली भरून घेत होती आणि आरती आवारातल्या मातीत काडीनं काहीतरी काढत बसली होती. धम्मप्रिया तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. काय आहे ते तिला ओळखू येईना. लांबट काहीतरी होतं, त्याला पुष्कळ पाय होते.

"हे काय आहे गं?" तिनं विचारलं.

"थांबा, मॅडम," आरती मान वर न करता म्हणाली. "अजून व्हायचंय."

धम्मप्रिया थांबली. नांदेडची गाडी सुटायला अजून बराच वेळ होता.